नाकात मेण, जन्माचा पश्चात्ताप

आजची गोष्ट ग्लॅडिस डीकनची. १८८१ साली पॅरिसमध्ये जन्मलेली ही अमेरिकन मुलगी रूपासाठी युरोपभर गाजली. तरी तिला स्वतःचं नाक खटकायचं. ग्रीक पुतळ्यांसारखं कपाळापासून सरळ नाक हवं, म्हणून विशीतच तिने नाकात पॅराफिन, म्हणजे चक्क मेण, टोचून घेतलं. पद्धत नवीकोरी होती, धोके पुढे कळले. मेण जागेवर राहीना. ते हनुवटीकडे उतरलं आणि चेहरा बिघडला. १९२१ मध्ये ती मार्लबरोची डचेस झाली, पण जुना चेहरा काही परत आला नाही. कारण मेण आत पसरतं, त्याच्या कडक गाठी होतात, ते पूर्ण काढणं फार अवघड.

मला तिचं हसू येत नाही. सेल्फी झूम करून आपणही नाकच बघतो ना? आज दुरुस्तीची वाट आहे, पण सोपी नाही. सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकतं, म्हणून सर्जन बहुतेक वेळा तोवर थांबायला सांगतात. शिवाय दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा किचकट असतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: बिघडलं तर पुढे काय?