ब्रूज : गाळ, राजा आणि मिरी

बेल्जियममधले ब्रूज हे शहर आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठेच नव्हते. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, व्यापाराचे जुने मार्ग अडचणीत आले, १४९८ मध्ये वास्को-द-गामा कालिकतला उतरला, ही साखळी आपल्याला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. पण ती मलबारची मिरी युरोपात पोचल्यावर पुढे कुठे जायची, ती विकत कोण घ्यायचे, तिचे हिशेब कुठे मिटायचे, हे आपल्याला कुणी विचारले नाही आणि आपणही विचारले नाही. त्या प्रश्नाचे दोनअडीचशे वर्षांचे एक मोठे उत्तर म्हणजे ब्रूज.

गेल्या वर्षी मुलाकडे ब्रसेल्सला महिनाभर होते. तिथून ब्रूज साधारण शंभर किलोमीटर. सकाळी बसने जायचे, गाईडबरोबर पायी फिरायचे, अर्धा तास होडीत बसायचे आणि संध्याकाळी परत, अशी सहल मुलाने ठरवून दिली. आमचा वीसेक जणांचा घोळका होता. गाईड साठीच्या बाई, हातात मिटलेली लाल छत्री उंच धरून चालणाऱ्या. स्थानिक लोक गावाला ‘ब्रुग्गे’ म्हणतात, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. दुसऱ्या वाक्यात शहराचा सगळा इतिहास सांगून टाकला : समुद्राने हे शहर घडवले, गाळाने ते मारले, चारशे वर्षे ते झोपले आणि तुम्ही पर्यटकांनी ते जागे केले. वाक्य इतके गोळीबंद होते की होडीतल्या नावाड्यानेही थोड्या फरकाने तेच ऐकवले.

त्यातला पहिला भाग खराच आहे. ब्रूज समुद्रापासून पंधराएक किलोमीटर आत, राय नावाच्या लहानशा नदीवर वसलेले. ११३४ मध्ये मोठे वादळ झाले, समुद्र जमिनीत घुसला आणि झ्विन नावाची एक खोल खाडी तयार झाली. खाडीच्या टोकाशी दाम नावाचे गाव बसवले गेले. मोठी जहाजे खाडीच्या बाजूला थांबत आणि माल लहान होड्यांत घालून कालव्यांनी शहरात येई. आज ज्या कालव्यांतून हंस आणि पर्यटक फिरतात, ते मुळात मालधक्के होते. ‘रोझेनहूडकाई’ नावाचा जो कोपरा प्रत्येक पोस्टकार्डावर असतो, तिथे एके काळी मिठाचे व्यापारी माल उतरवत. आपण सगळे तिथेच फोटो काढतो, मीही काढला.

शहराच्या मुख्य चौकाला मार्क्ट म्हणतात. चौकाच्या पूर्वेला तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘वाटरहाले’, म्हणजे पाण्यावरची बखार, बांधली होती. कालवा तिच्या खालून जायचा. होडी थेट इमारतीच्या पोटात शिरायची आणि माल पावसात न भिजता उतरायचा. आपल्याकडे ज्यांनी जून महिन्यात धक्क्यावर भातगोणी उतरवताना पाहिल्या आहेत, त्यांना या सोयीची किंमत कळेल. ही इमारत १७८७ मध्ये पाडली आणि कालव्याचा तेवढा भाग बुजवला.

इंग्लंडची लोकर यायची, फ्लँडर्सच्या मागांवर तिचे उंची कापड व्हायचे. १२७७ मध्ये जेनोआची जहाजे भूमध्य समुद्रातून जिब्राल्टरला वळसा घालून थेट इथे येऊ लागली. पाठोपाठ व्हेनिसचे, फ्लॉरेन्सचे, कॅस्टिलचे, पोर्तुगालचे आणि उत्तरेकडच्या हान्सा संघाचे जर्मन व्यापारी इथे घरे करून राहिले. मलबारची मिरी अरबांकडून इजिप्तला, तिथून व्हेनिसला आणि व्हेनिसहून इथे. इथेच ती बाल्टिकच्या मेणाच्या आणि केसाळ कातड्यांच्या शेजारी विकली जाई. फान डेर बुर्से नावाच्या कुटुंबाची इथे एक खानावळ होती. तिच्यासमोर व्यापारी रोज जमून हुंड्यांचे आणि चलनाचे व्यवहार करत. फ्रेंचमध्ये शेअर बाजाराला ‘बूर्स’ म्हणतात, तो शब्द या खानावळीवरून आला असे मानतात. सन १४०० च्या सुमारास शहरात चाळीस-पंचेचाळीस हजार माणसे होती. आज कालव्याच्या आतल्या जुन्या गावात वीस हजारांच्या आसपास राहतात.

चौकातला घंटामनोरा ८३ मीटर उंच आहे आणि त्याला ३६६ पायऱ्या आहेत. गुडघे बरे असतील त्यांनी जरूर चढावे. वर ४७ घंटांचा संच आहे आणि दर पाव तासाला तो वाजतो. पण मला घंटांपेक्षा वाटेत लागणारी तिजोरीची खोली महत्त्वाची वाटली. या शहराने राजेरजवाड्यांकडून मिळवलेल्या सनदा तिथे लोखंडी जाळीच्या दारांआड ठेवल्या जात. कुलपांच्या किल्ल्या वेगवेगळ्या कारभाऱ्यांकडे, म्हणजे एकट्याला पेटी उघडता येणार नाही अशी व्यवस्था. चर्चच्या मनोऱ्यात नव्हे, बाजाराच्या मनोऱ्यात हे कागद ठेवले होते. आपले हक्क कागदावर आहेत आणि ते आपण राखायचे आहेत, हा या गावाचा स्वभाव त्या खोलीत दिसतो. पुढे जे घडले ते या स्वभावामुळेच.

गाईडबाईंनी हंसांची गोष्ट रंगवून सांगितली. ती अशी : शहराच्या लोकांनी पीटर लान्खल्स नावाच्या राजाच्या अधिकाऱ्याचा शिरच्छेद केला. त्याच्या आडनावाचा अर्थ ‘लांब मान’ असा होतो. संतापलेल्या राजाने शिक्षा दिली की यापुढे या शहराने कायम लांब मानेचे पक्षी पोसावेत. घोळका हसला, हंसांचे फोटो निघाले. ही दंतकथा आहे, तशीच ऐकावी. पण लान्खल्सचा शिरच्छेद खरा आहे आणि त्यामागची हकिकत हंसांपेक्षा फार मोठी आहे.

या भागाची राणी, बर्गंडीची मेरी, १४८२ मध्ये शिकारीला गेली असता घोड्यावरून पडून वारली. तिची कबर इथल्या ‘अवर लेडी’ चर्चमध्ये आहे. तिचा मुलगा फिलिप लहान होता, म्हणून तिचा नवरा मॅक्सिमिलियन कारभार पाहू लागला. हा ऑस्ट्रियाचा राजपुत्र पुढे सम्राट झाला. लढायांसाठी त्याने कर वाढवले आणि परके सैन्य आणले. सनदांना जपणाऱ्या ब्रूजला ते मानवले नाही. १४८८ च्या फेब्रुवारीत तो शहरात आला असताना नागरिकांनी त्यालाच कैद केले. मार्क्ट चौकातल्या क्रानेनबुर्ग या घरात त्याला ठेवले होते. आज तिथे कॉफी मिळते. त्याच्या माणसांना त्याच्या डोळ्यांसमोर चौकात शिक्षा दिल्या गेल्या. मे महिन्यात आश्वासने लिहून देऊन तो सुटला आणि सुटल्यावर ती त्याने मोडली. परदेशी व्यापाऱ्यांना त्याचा हुकूम होता की ब्रूज सोडा आणि अँटवर्पला जा. असा हुकूम त्याने १४८४ मध्येही काढला होता. आता व्यापाऱ्यांना त्यातला इशारा कळला. काही पुढे परत आले, पण वखारींचा मुक्काम हळूहळू अँटवर्पला हलला.

आता गाळाकडे येते. झ्विन भरत चालली होती हे खरे, आणि शहराने ती उपसायला आणि नवे चर काढायला खूप पैसा ओतला हेही खरे. पण गाळही सगळा निसर्गाने आणलेला नव्हता. खाडीच्या दोन्ही काठांना बांध घालून लोकांनी शेतीसाठी जमीन मिळवली. आपल्याकडच्या खारभूमीसारखाच प्रकार. त्यामुळे भरतीचे पाणी पसरायला जागा कमी झाली, ओहोटीचा जोर घटला आणि खाडीला स्वतःला धुऊन काढता येईना. त्यात आणखी एक गोष्ट होती. आपल्या विणकरांना सांभाळण्यासाठी फ्लँडर्समध्ये इंग्लंडच्या तयार कापडाला बंदी होती. अँटवर्पने त्या कापडाला दार उघडले. आणि मग मिरी. पोर्तुगीजांनी आपली फ्लँडर्समधली वखार १४९९ मध्ये ब्रूजहून अँटवर्पला नेली. १५०१ मध्ये त्यांच्या मिरीचे पहिले जहाज अँटवर्पला लागले. व्हेनिसमार्गे येणारी मिरी आता लिस्बनमार्गे येऊ लागली होती. १५१० मध्ये त्याच पोर्तुगीजांनी गोवा घेतला. कालिकतच्या धक्क्यावर जे घडले त्याचा परिणाम दोन-तीन वर्षांत फ्लँडर्सच्या एका चौकात जाणवला, हे मला आपल्या पाठ्यपुस्तकातल्या साखळीपेक्षा जास्त काही सांगून जाते.

इथे आपल्या वर्गाची एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नववीत असताना इतिहासाच्या सरांनी आपल्याला रेवदंड्याचा किल्ला आणि चौल दाखवायला नेले होते. निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच चौलला उतरला, हे सांगून सरांनी विचारले, “मग एवढे बंदर गेले कुठे?” आपण सगळे एका सुरात म्हणालो, “गाळ साचला, सर!” सर म्हणाले, “गाळ मुंबईच्या बंदरात साचत नाही वाटतं?” तेव्हा कुणाला उत्तर सुचले नाही आणि भेळेचे पुडे उघडल्यावर प्रश्नही मागे पडला. उत्तर असे की सतराव्या शतकात मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर व्यापाऱ्यांना बोलावून आणत होता, त्यांच्या धर्माला आणि धंद्याला अभय देत होता. चौलचे व्यापारी, कारागीर त्या बाजूला ओढले गेले. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांच्या हवाली केले, तोवर बंदरातला जीव बराच गेला होता. कुंडलिकेचा गाळ होताच. पण ज्या बंदराला व्यापारी हवे असतात ते बंदर गाळ उपसते. ब्रूजलाही गाळ उपसायचा होता, पण ज्याच्या हाती सत्ता होती त्याला ब्रूज नको होते. सर या मेळाव्याला येणार आहेत असे कळले, म्हणून हे उत्तर इथे लिहून ठेवले.

गाईडबाईंच्या वाक्याचा तिसरा भाग, म्हणजे शहर चारशे वर्षे झोपले, हाही तपासून पाहण्यासारखा आहे. मिकेलअँजेलोची संगमरवरी ‘मॅडोना आणि बाळ’ ही मूर्ती इथल्या चर्चमध्ये आहे. ती सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, राजाच्या हुकमानंतर पंधरा-वीस वर्षांनी, ब्रूजच्या मुस्क्रोन या कापड व्यापारी कुटुंबाने विकत आणली. मेलेल्या शहरातले लोक अशी खरेदी करत नाहीत. मूर्ती जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. बाळ आईच्या मांडीवर नाही, तिच्या गुडघ्यांमध्ये उभे आहे, पुढचे पाऊल टाकायच्या बेतात, आणि आईने त्याला धरून ठेवलेले नाही, नुसता हात लावला आहे. ही मूर्ती दोनदा पळवली गेली. १७९४ मध्ये फ्रेंचांनी नेली, ती नेपोलियन पडल्यावर परत आली. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी नेली, ती पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातल्या आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीत सापडली. आमच्या घोळक्याला तिथे दहा मिनिटे दिली होती. मी पंधरा घेतली, छत्री बाहेर वाट पाहत होती.

शहर खरोखर गरीब झाले ते नंतर, आणि एकोणिसाव्या शतकात त्या गरिबीने तळ गाठला. बायका आणि मुली पोटासाठी लेस विणत आणि मजुरी अगदी तुटपुंजी मिळे. पैसा नव्हता म्हणून जुनी घरे पाडून नवी बांधली गेली नाहीत. हे शहर टिकले ते असे. मग इंग्रज प्रवासी येऊ लागले, त्यांना हे जुनेपण आवडले आणि त्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका दर्शनी भिंती जुन्या धाटणीने दुरुस्त करायला पैसे देऊ लागली. वाटरहालेच्या जागी आज जी टोकदार कमानींची सुंदर इमारत आहे, ती १८७८ च्या आगीनंतर बांधायला घेतलेली. चौकातला ब्रायडेल आणि दे कोनिंक यांचा पुतळा १८८७ चा. आणि चर्चमागचा तो शेवाळलेला, एका कमानीचा बोनिफासियस पूल, ज्यावर प्रत्येक जण शहरातला सर्वांत जुना पूल म्हणून उभा राहतो, तो १९१० च्या सुमाराचा आहे. म्हणून तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. आपण आपल्या गावचे देऊळ जीर्णोद्धार करून पुन्हा उभे करतो तेव्हा त्याला नवे म्हणत नाही.

बेगेनहोफ मात्र घाईत बघू नका. १२४५ च्या सुमारास स्थापन झालेली ही वसाहत बायकांची होती. विधवा, अविवाहित, ज्यांना लग्नही नको आणि कायमची शपथ घेऊन जोगीणही व्हायचे नाही, अशा स्त्रिया इथे स्वतःच्या कमाईवर एकत्र राहत. वाटल्यास सोडूनही जाता येई. पांढरी घरे, मधे उंच झाडे आणि ‘शांतता राखा’ची पाटी. १९२७ पासून इथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात. आपल्या वर्गातल्या मैत्रिणी पाहायला गेल्या तर तिथे तासभर बसतील आणि पाटी असूनही बोलतील.

युनेस्कोने २००० साली जुने ब्रूज जागतिक वारशात घेतले. पण गावातल्या लोकांना केवळ संग्रहालय होऊन बसायचे नव्हते. १८९२ मध्ये जॉर्ज रोदनबाखने फ्रेंचमध्ये ‘मृत ब्रूज’ या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली, तिने शहराची कीर्ती झाली. पण त्याच सुमारास गावचे कर्ते लोक समुद्राकाठी नवे बंदर बांधून घेण्याच्या मागे होते. ते झेब्रुग्गे बंदर १९०७ मध्ये सुरू झाले आणि कालव्याने शहराला जोडले गेले. आज तिथे मोटारींनी भरलेली प्रचंड जहाजे लागतात. २०२२ मध्ये हे बंदर आणि अँटवर्पचे बंदर कायदेशीररीत्या एक झाले. आता दोघांचा कारभार एकच संस्था पाहते आणि तिच्या नावात अँटवर्प आधी आहे, ब्रूज नंतर.