बरेच महिने उभा असलेला ट्रॅक्टर सुरू होत नाही? डिझेल पंप खोलण्याआधी हे तपासा

सात-आठ महिने शेडमध्ये उभा असलेला जुना ट्रॅक्टर पेरणीच्या तोंडावर बाहेर काढला, चार्ज केलेली बॅटरी जोडली, सेल मारला. इंजिन फिरतंय, पण सुरू होत नाही. अशा वेळी कोणीतरी "पंप गेला" म्हणतंच. पंप खोलून टेस्टिंगला पाठवायचा म्हणजे खर्च आलाच, वर तालुक्याच्या पंपवाल्याकडे त्या दिवसांत रांग. वाफसा काही तेवढे दिवस थांबत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, मिस्त्री नाही. पण गावचा आमचा ट्रॅक्टर मे महिन्यात मीच चालू करतो आणि पद्धत ऑफिसातलीच वापरतो: डेटा कुठपर्यंत पोचतोय ते पहिल्या टप्प्यापासून बघत जायचं. इथे डेटाच्या जागी डिझेल. टाकी, कॉक, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल. (हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे. कॉमन रेलवाल्या नव्या इंजिनावर यातलं काही करू नका.)

आधी धूर बघा

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एकाने सेल मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरकडे बघायचं. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. मग बॅटरी कमजोर आहे का, डिझेलमध्ये पाणी आहे का, कॉम्प्रेशन कमी आहे का ते बघा. धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोचतच नाही.

तसं असेल तर सगळ्यात आधी इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी बघा. ती आत ढकलल्यावर पंपावरचा छोटा लिव्हरही मागे येतो का? उभ्या गाडीची वायर गंजून लिव्हर बंदच्या जागी अडकलेला असतो. बघायला दोन मिनिटं लागतात.

टाकी आणि कॉक

टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या, अर्धा तास ठेवा आणि मागून मोबाईलचा टॉर्च लावा. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते खाली वेगळं दिसतं. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते. आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब होऊन तळाशी जमते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. काळे बुळबुळीत तुकडे दिसले तर ते तेच. वरून नवीन डिझेल ओतून भागणार नाही. टाकी उतरवून धुवा आणि फिल्टर नवे टाका. (गाडी उभी करताना टाकी गच्च भरून ठेवली तर हे पाणी फारसं साठत नाही.)

आता कॉकजवळचा पाइप सोडा. खाली भांडं ठेवा. धार पेन्सिलीएवढी आणि सलग हवी. पहिल्यापासूनच बारीक असेल तर कॉकची जाळी गाळाने भरलीय. आमच्या ट्रॅक्टरला एका वर्षी मिस्त्रीने पंप काढायला सांगितला होता. निघाला तो या जाळीवरचा चिमूटभर गाळ. धार आधी चांगली आणि मग मंदावत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. धार वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. कुंभारमाशीला अशी भोकं फार आवडतात.

एअर काढणे

फिल्टर बदलला किंवा पाइप सोडला की सिस्टीम एअर धरणारच. पहिल्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हँड प्रायमर मारत राहा. बुडबुडे थांबून नितळ डिझेल आलं की प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. बारीक बुडबुडे डोळ्यांना चुकतात, म्हणून मी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करून बघतो.

शेवटी नोझलच्या पाइपांचे नट एक-दीड आटे सैल करून, रेस पूर्ण ठेवून सेल मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये मिनिटभर थांबा. डिझेल उसळून आलं की नट आवळा.

इथे हात लांब ठेवा. नोझल २०० बारच्या आसपास उघडतं. बाईकच्या टायरमध्ये असतो त्याच्या साधारण शंभर पट हा दाब. सुईएवढी धार कातडीतून आत शिरते, वरून टोचल्यासारखंच दिसतं. तसं झालं तर दुखण्याची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. गळती पुठ्ठा धरून शोधा, बोटाने नाही. आणि एअर क्लीनरला पेट्रोलचं फडकं लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

एअर काढूनही गाडी पाच मिनिटांत बंद पडत असेल तर टाकी ते फीड पंप हा भाग धरा. तिथे पंप डिझेल ओढतो, त्यामुळे फट असली तरी बाहेर थेंब पडेलच असं नाही, हवा मात्र आत जाते. चिरलेला रबरी पाइप किंवा दबलेला तांब्याचा वॉशर निघतो, दोन्ही स्वस्त.

पंपापर्यंत नितळ डिझेल येतंय, लिव्हर मोकळा आहे, सेल जोरात फिरतोय आणि तरी नोझलच्या नटांतून थेंबही येत नाही, तर मात्र पंपाच्या आतलं काहीतरी जाम झालंय. हातोडी मारू नका. पंपवाल्याला बोलवा आणि तुम्ही काढलेले व्हिडिओ दाखवा. टाकीपासून परत सुरुवात करण्यात त्याचा आणि तुमचा वेळ जाणार नाही.