थट्टेंत उरलेला इतिहास

एखादें खेळणें जगभर पसरलें म्हणजे त्याची कीर्ति आपण त्याच्या खपावरून मोजतों. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र आणखी एक खूण पाहावी. इतरांना त्याची थट्टा करावीशी वाटूं लागली, कीं तें लोकांच्या मनांत रुजलें असें खुशाल समजावें. जपानांतील ‘पोकेमॉन’ या खेळाची कथा या दृष्टीनें उद्बोधक आहे.

सातोशी ताजिरी यांना लहानपणीं किडे पकडून जमविण्याचा छंद होता. त्यांतून या खेळाची कल्पना निघाली, आणि १९९६ सालीं तो ‘गेमबॉय’ या हातांत मावणाऱ्या यंत्रावर आला. चित्रविचित्र जीव पकडावे, झुंजवावे, मित्रांशीं त्यांची देवघेव करावी, हा त्याचा गाभा. पुढल्याच वर्षीं एप्रिलपासून त्याची चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. १६ डिसेंबर १९९७ रोजीं तिच्या एका भागांत लाल व निळा प्रकाश अतिवेगानें आळीपाळीनें चमकला. कित्येक प्रेक्षकांना आंचके आले आणि सुमारें ६८५ जणांना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यांत बहुतेक मुलेंच होतीं. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हां कधींहि दाखविण्यांत आला नाहीं.

या दुःखद घटनेचा पडसाद अमेरिकेंत उमटला तो मात्र हास्याच्या रूपानें. ‘द सिम्प्सन्स’ या मालिकेच्या १६ मे १९९९ च्या भागांत सिम्प्सन कुटुंब टोकियोस जातें, आणि तेथें यंत्रमानवांची चित्रमालिका पाहतां पाहतां घरची मंडळी आंचके येऊन जमिनीवर तडफडूं लागतात. प्रेक्षक हंसले. त्या हंसणाऱ्यांपैकीं कितीजणांच्या डोळ्यांपुढें रुग्णालयांतील तीं मुलें उभीं राहिलीं असतील?

‘साउथ पार्क’ या मालिकेनें ३ नोव्हेंबर १९९९ रोजीं दाखविलेली ‘चिनपोकोमॉन’ ही कथा याहून खोल जाते. तींत एका खेळण्याच्या नादीं लावून अमेरिकन मुलांकडूनच पर्ल हार्बरवर पुन्हां हल्ला करविण्याचा कट रचलेला आहे. १९४१ ची जुनी धास्ती येथें खेळण्याच्या दुकानांत शिरली आहे. शेवटीं आईबापच त्या खेळाचे शौकीन झाल्याचें सोंग करतात, आणि मुलांची गोडी तत्क्षणीं ओसरते. बाण व्यापाऱ्यांवर आहे, तसाच भेदरलेल्या वडील मंडळींवरहि आहे.

पुढें २०१९ सालीं ‘डिटेक्टिव्ह पिकाचू’ या चित्रपटांत याच खेळांतील जीव मानवी नटांच्या शेजारीं नायक म्हणून उभा राहिला. १९९९ चीं मुलें तोंवर स्वतः आईबाप होण्याच्या वयास पोंचलीं होतीं. भयाची जागा आठवणीनें घेतली होती.

थट्टा ही इतिहासाची साक्षीदार खरी, परंतु पक्षपाती. काळाची भीति ती चोख टिपते; ज्यांना पीडा झाली त्यांना मात्र सहज विसरते. तिची साक्ष अवश्य घ्यावी. पण तिनें जें गाळलें, तें भरून काढण्याचें काम इतिहासकाराचें आहे.