गडकऱ्यांचा संभाजी आणि आपल्या अंत्रुजातला संभाजी

नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेने निघालात की सावनेर लागते. तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडचा पांढुर्ण्याला जातो, उजवीकडचा सौंसरला. दोन्ही वाटा थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात शिरतात. पण माणसांची बोली काही बदलत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये दोन्ही तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. पाट्या हिंदीत, घरातले बोलणे मराठीत. आपल्याला गोव्यात बसून हे समजायला फारसे कष्ट पडू नयेत!

या भागाची आठवण काढायचे कारण वेगळे आहे. त्या फाट्यावरच्या सावनेरात २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी वारले. क्षयाने खंगले होते, वय अवघे ३३. ‘भावबंधन’ तेवढे त्यांनी शेवटच्या दिवसांत पुरे केले. ‘राजसंन्यास’ मात्र अपुरेच राहिले आणि १९२२ मध्ये तसेच छापले गेले. मराठी रंगभूमीवरचा सगळ्यात गाजलेला शोकांत राजा असा अर्ध्यावर राहिला. कितीतरी मराठी माणसांच्या मनात संभाजीराजे बसले आहेत ते याच अपुऱ्या नाटकातले.

गडकऱ्यांचा संभाजी कसा आहे? शूर, दिलदार, पण तुळशीच्या मोहात राज्य विसरलेला. शेवटी त्याला पश्चात्ताप होतो आणि राजपद हाच एक संन्यास आहे हे कळते, पण वेळ गेलेली असते. शोकांतिकेचा नायक स्वतःच्या दोषाने पडावा लागतो. गडकऱ्यांना तो दोष बखरीत तयार मिळाला.

बखर म्हणजे मुख्यतः मल्हार रामराव चिटणीसांची. ती लिहिली गेली राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. लिहिणारे कोण? ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून देहदंड दिला, त्यांचे वंशज. घराण्याची जखम लेखणीत उतरली, असे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले. मात्र याच बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ राजांशी आणि पुढे राजारामांशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिला, हेही विसरू नये.

मी पोटापाण्यासाठी सरकारी कारकून. जिवाजी कलमदाने हा ‘राजसंन्यास’मधला लेखणीबहाद्दर वाचताना मला नेहमी हसू येते, आपल्याच पेशाचा म्हणून! पण या पेशात एक गोष्ट अंगात मुरते. ज्या दिवशी घडले त्या दिवशी फायलीवर पडलेली टिपणी वेगळी, आणि साहेब बदलून गेल्यावर कँटीनमध्ये सांगितलेला किस्सा वेगळा. बखर किश्श्याच्या बाजूची. मग टिपणी कुठे मिळेल?

ती पुष्कळशी आपल्याकडे आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दफ्तरखान्यात जन्म घालवला आणि पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला. या कागदांचे महत्त्व असे की ते शत्रूचे आहेत. शत्रूला राजाची स्तुती करायची गरज नसते, आणि तो मोहात बुडालेला असता तर ते लपवायचेही कारण नसते.

१६८३ च्या पावसाळ्यानंतर व्हिसेरेई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. तटाला भगदाड पाडले. तेवढ्यात खुद्द संभाजीराजे फौज घेऊन आले आणि पोर्तुगीजांना वेढा उठवून पळावे लागले. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच, २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीचा फायदा घेऊन मराठे जुवे बेटावर, म्हणजे सांतइस्तेव्हला, उतरले आणि तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हिसेरेई तो परत घ्यायला आला आणि जेमतेम जीव वाचवून परतला. जुन्या गोव्यात इतकी घबराट झाली की त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड त्या हातात ठेवला. पुढच्या महिन्यात मराठे साष्टी आणि बारदेशात शिरले. १६८४ च्या जानेवारीत औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरला, म्हणून ही मोहीम थांबली.

आणि हडकोळणचा शिलालेख? १६८८ चा, फोंडा महालातला, मराठीत कोरलेला. विषय आहे ‘अंगभाडे’ हा कर बंद करण्याचा. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा गिळला होता. अशा घायकुतीला आलेल्या काळात अंत्रुजातल्या रयतेच्या एका कराचा निकाल लावून तो दगडावर कोरला जातो. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी १६८९ ला, राजे संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांचा अमानुष वध झाला.

म्हणजे दोष नव्हतेच का? होते. १६७८ मध्ये ते दिलेरखानाला जाऊन मिळाले, ही बाब कुणाला पुसता येणार नाही. वडिलांच्या कारभाऱ्यांना त्यांनी मारले. साष्टी-बारदेशातल्या गावांनी त्या स्वारीत पुष्कळ सोसले, तेही आपल्याच माणसांनी. पण राज्य बाईपायी गेले, हे कागद म्हणत नाहीत. मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी तो माणूस नऊ वर्षे लढत होता. खरी शोकांतिका या लढाईत आहे.

रंगभूमीही बदलत गेली. बेंद्र्यांचा ग्रंथ १९६० मध्ये आला. १९६२ मध्ये कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधून बापलेकाच्या गैरसमजात होरपळणारा संभाजी आला, १९६८ मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’ आले. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. २०२५ मध्ये ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला. मध्य प्रदेश आणि गोवा या दोन्ही सरकारांनी तो करमुक्त केला. आता सौंसर-पांढुर्ण्याच्या आणि म्हापसा-मडगावच्या मुलांचा संभाजी तोच असणार.

तो राजा निर्दोष आहे, आणि मला भीती वाटते ती इथेच. गडकऱ्यांनी मोह घातला, चित्रपटाने सगळेच दोष धुतले. दोन्ही राजे रंगमंचाचेच! पुतळा नदीत फेकून बखरीतली एक ओळही खोडली जात नाही. ती खोडली बेंद्रे-पिसुर्लेकरांनी, वर्षानुवर्षे दफ्तरे चाळून.

‘राजसंन्यास’ मी आजही आवडीने वाचतो, गडकऱ्यांच्या भाषेसाठी. तुम्हीही वाचा. आपल्या गावच्या जत्रेत संभाजीचे नाटक लागले तर रात्र जागवून पाहा. फक्त सवड काढून एकदा जुव्याच्या खाडीकाठीही जाऊन या, ओहोटीच्या वेळी. पाणी कुठून उतरते आणि त्या रात्री माणसे कुठून चालत गेली असतील, याचा थोडा अंदाज येतो.