अजिंठा : जपणुकीचे कागद

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर बोधिसत्त्वाचे चित्र आहे. त्या चित्राच्या अंगावरच एका इंग्रज अधिकाऱ्याने टोकदार हत्याराने आपले नाव ओरखडून ठेवले आहे : जॉन स्मिथ, 28वे घोडदळ, 28 एप्रिल 1819. अजिंठ्याच्या अर्वाचीन इतिहासातला हा पहिला दस्तऐवज आणि चित्रांना झालेली पहिली नोंदलेली इजाही. वाघाच्या शिकारीत लेणी सापडल्याची सर्वपरिचित कथा त्या अक्षरांत नाही. तिथे आहे फक्त नाव, पलटण आणि तारीख. पण अक्षरांची जागा आणखी काही सांगते. आज ती उभ्या माणसाच्या नजरेच्या बरीच वर आहेत. याचा अर्थ 1819 साली लेण्यात माती-दगडांचा ढीग साचला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता.

वास्तू कशी होती एवढेच अशा खुणांवरून कळते असे नाही. तिला कोणाचे हात लागले, तेही कळते. अजिंठ्याच्या बाबतीत हे हात कोणकोणाचे होते, हे आपण कागदांवरून बऱ्याच खात्रीने सांगू शकतो.

स्मिथनंतर पाहुणे वाढले. 1836 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात राल्फ यांनी लिहिलेले लेण्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. संग्रहासाठी चित्रे भिंतीवरून सोलून काढण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांचा भुगा झाला, ही तक्रार या काळातल्या लेखनात येते. 1843 मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्याव्यात, असा सोसायटीचा आग्रह होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी तो मानला आणि 1844 मध्ये हुकूम सुटला. त्यानुसार मद्रास सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल अजिंठ्याला आले.

या हुकुमात जपणुकीची त्या काळची कल्पना स्पष्ट दिसते. मूळ वस्तू जाणारच, तेव्हा निदान तिची प्रतिमा वाचवावी, ही ती कल्पना. गिल यांनी 1863 पर्यंत मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि 1866 च्या डिसेंबरात तिथे लागलेल्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी घेऊन 1872 पासून अजिंठ्यात काम करू लागले. 1885 पर्यंत या मंडळींनी पुन्हा नकला उतरवल्या. त्याच वर्षी त्या ठेवल्या होत्या त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातल्याही कित्येक गेल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भिंतीवरून पुढे नाहीसे झालेले काही तपशील आता त्या नकलांतच सापडतात, म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. पण नश्वर समजून ज्यांच्या नकला केल्या, ती मूळ चित्रे अजून भिंतीवर आहेत आणि त्यांची जागा घेण्यासाठी केलेल्या नकलांपैकी बऱ्याच राख झाल्या आहेत.

नकलांच्या या काळात भिंतीचे नुकसानही झाले. अंधुक चित्र नीट दिसावे म्हणून नकला करणाऱ्यांनी त्यावर वॉर्निश फिरवले. हे किती घातक होते, ते समजण्यासाठी भिंतीची घडण पाहावी लागते. अजिंठ्याचे चित्र ओल्या चुन्यावर काढलेले नाही. खडकावर आधी तूस, वनस्पतींचे तंतू आणि दगडाची भरड मिसळलेला मातीचा गिलावा दिलेला आहे. त्यावर बारीक थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि कोरड्या पृष्ठभागावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि उंची निळ्यासाठी राजावर्त. सगळी वीण मातीची. तिला दमटपणा आत घ्यावा लागतो आणि बाहेरही सोडावा लागतो. वॉर्निशने तिचे तोंड बंद झाले, आणि वर साचलेली धूळ व काजळीही त्याखाली कायमची अडकली.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. व्हाइसरॉय कर्झन यांच्या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात झालेला 1904 चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा तिथे लागू नव्हता. 1914 मध्ये हैदराबाद संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते उभारले आणि त्याची धुरा गुलाम याझदानी यांच्याकडे दिली. 1920 ते 1922 या काळात इटलीतून लॉरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जाणकार बोलावले गेले. त्यांनी चित्रे साफ केली, सुटलेला गिलावा खडकाला पुन्हा धरून बसवला, फुटक्या कडा बांधल्या आणि रंगांवर अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा हात दिला. सुतार लाकडाला पॉलिश करताना वापरतात, तीच ही लाख. कालांतराने ती पिवळी, मग तपकिरी पडली, आकसली आणि आकसताना खालच्या रंगाचे पोपडे ओढू लागली.

या दोघांना गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल. पडायला आलेला गिलावा त्यांनी तगवला. तो पडला असता तर आज वाद घालायला चित्रच उरले नसते. त्यांनी वापरलेली लाख त्या काळच्या उत्तम समजुतीला धरून होती. पण जपणुकीचा विचार तोवर पुढे सरकला होता. विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने 1877 मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या संस्थेने जुन्या वास्तू ‘नव्यासारख्या’ करण्याला विरोध केला होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांची भारतासाठीची संधारण पुस्तिका 1923 मध्ये निघाली. वास्तूचे अस्सलपण गेले की तिचे ऐतिहासिक मोलही जाते, म्हणून नूतनीकरणापेक्षा रक्षण हे पहिले कर्तव्य, असा तिचा रोख होता.

स्वातंत्र्यानंतर अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आला. तेव्हापासून खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या कामाचा मोठा भाग जुनी वॉर्निशे आणि चपडा उतरवण्याचा आहे. कापसाच्या बोळ्याने, इंच-इंच, योग्य द्रावक निवडून. सर्वांत जुनी चित्रे असलेल्या नवव्या-दहाव्या लेण्यांत तपकिरी पडद्याखालून आकृती पुन्हा दिसू लागल्या, त्या अशाच कामातून.

इथेच कागदांचे खरे मोल कळते. वर चपडा आहे हे ठाऊक असले की तो कशात विरघळतो हेही ठाऊक असते. ज्या थराची नोंद कोणी ठेवली नाही, त्याच्यासमोर तज्ज्ञाला आधी चाचण्या कराव्या लागतात, आणि चाचणीसाठीही चित्राचा कण खर्ची पडतो. स्मारकांच्या जपणुकीविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेने म्हणूनच शेवटचे कलम नोंदींना दिले : प्रत्येक कामाचे चित्रे-छायाचित्रांसह अचूक टिपण ठेवावे, ते सार्वजनिक संस्थेच्या दप्तरी असावे आणि अभ्यासकांना पाहता यावे. माझ्या मते सबंध संधारणशास्त्रातले हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक कलम आहे. पद्धती चुकतील, रसायने बदलतील, आज योग्य वाटणारे उद्या चूक ठरेल. केलेल्या कामाची प्रामाणिक नोंद असेल तर पुढच्या पिढीला ती चूक सुधारता येते.

महाराष्ट्रात आज गावोगावी जुन्या मंदिरांचे जीर्णोद्धार चालू आहेत. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढतो, शिलालेखांवरून रंगाचे हात फिरतात, लाकडी खांब निघून सिमेंटचे उभे राहतात. यामागे श्रद्धा असते, पैसा असतो, गावाची मेहनत असते. नोंद मात्र बहुधा नसते. ज्यांच्या हाती असे काम आहे, त्या विश्वस्तांना आणि गावकऱ्यांना कळकळीची विनंती : पहिला दगड हलवण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या. शिलालेख असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. काय काढले, काय घातले, कोणता माल वापरला, काम कोणी केले, हे तारखेसह वहीत लिहा आणि तिची एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवा. या वहीला खर्च जवळपास नाही, आणि शंभर वर्षांनी ते मंदिर सांभाळणाऱ्याला तिच्याइतका उपयोगाचा दुसरा कागद मिळणार नाही.