जाफन्यातला वायरलेस आणि आपले गणिताचे सर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा वाटलं, शाळा बुडवून मेहरूण तलावावर कोण कोण जायचं आणि बोरं कुणाच्या बांधावरची पाडायचं, ते लिहावं. पण ते दुसरं कुणी लिहीलच. मी श्रीलंकेबद्दल लिहितो. शांतिसेनेची ती मोहीम आता फारशी कुणाच्या लक्षात नाही, आणि तिच्यातली एक गोष्ट आपल्या सरांची आहे.

29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. लगेच आपलं सैन्य जाफन्यात उतरू लागलं. तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करायची आणि शांतता राखायची, असं काम होतं. ऑक्टोबरात मात्र लिट्टेशीच लढाई जुंपली.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत, कंपनी कमांडर साहेबांचा वायरलेस ऑपरेटर. पाठीवर दहा किलोच्या आसपास सेट, जादा बॅटऱ्या, हातात रायफल. एरियल दिसली की शेजारी अधिकारी आहे हे समोरच्याला कळायचं, म्हणून आम्ही ती वाकवून पट्ट्यात खोचायचो. 11 ऑक्टोबरच्या रात्री शीख लाइट इन्फंट्रीचे 30 जवान हेलिकॉप्टरने जाफना विद्यापीठाच्या आवारात उतरले. त्यांचा वायरलेस संपर्क तुटला. 29 जण मारले गेले. सेट मुका होणं म्हणजे काय, हे आम्हा ऑपरेटरांना तेव्हा समजलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या गस्तीवर ताडाच्या बनातून गोळीबार झाला. साहेबांनी नकाशावरचे सहा आकडे सांगितले. मी ते मॉर्टरवाल्यांना कळवले. एकेक आकडा सुटा बोलायचा आणि पलीकडच्याने तो परत वाचून दाखवायचा, असा नियम. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. ‘रिपीट’ कधीच नाही, कारण ‘रिपीट’ म्हणजे पुन्हा तोफा डागा.

पलीकडच्याने आकडे वाचले आणि त्याच्या तोंडून मला माझी चूक ऐकू आली. दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. फरक नऊशे मीटरचा. तिथे एक शाळा होती. बायकामुलं आसऱ्याला बसलेली आम्ही सकाळीच पाहिली होती. मी ओरडून आकडे दुरुस्त केले. मॉर्टर योग्य जागी पडले.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेवरून गेलो. फळ्यावर तमिळ अक्षरं होती. मला फक्त पाढ्यांचे आकडे वाचता आले.

आपल्या गणिताच्या सरांची सवय आठवते ना? उत्तर बरोबर असो की चूक, ते म्हणायचे, “पुन्हा म्हण.” बरोबर उत्तर दोनदा का सांगायचं, म्हणून आपण मागच्या बाकावर कुरकुरायचो. माणसाला स्वतःची चूक बोलताना कळत नाही, ऐकताना कळते, हे मला जाफन्यात उमगलं.

24 मार्च 1990 ला शांतिसेनेची शेवटची तुकडी परतली. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक परतलेच नाहीत. त्यांच्यात आमच्या कंपनीतलेही होते. मी परतलो, पण ही चूक घरीसुद्धा कधी सांगितली नाही.

सर, मेळाव्याला तुम्ही पहिल्या रांगेत असाल. तिथे माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.