गांधींचा विक्षिप्तपणा लपला कुठे होता?

स्वारगेटच्या एसटी स्थानकात तिकिटासाठी पुढे केलेल्या प्रत्येक नोटेवर गांधी हसत असतात. हा चेहरा १९४६ मधल्या एका छायाचित्रातून कापून घेतलेला आहे; मूळ छायाचित्रात त्यांच्या शेजारी ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स आहेत. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, गांधी प्रथम नोटांवर आले आणि १९९६ च्या मालिकेपासून तिथे कायमचे राहिले. चेहरा घरोघर पोचला, तशी एक समजूतही फलाटावरच्या गप्पांपासून व्यासपीठापर्यंत पसरली. ती अशी, की नोटेवरचा हा माणूस मुळात चक्रम होता आणि त्याच्या विचित्र सवयी आपल्यापासून लपवून ठेवल्या गेल्या.

पूर्वपक्ष आधी पुरता मांडायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. पोटावर मातीच्या पट्ट्या, एनिमा, शेळीचे दूध, सोमवारचे मौन, पाठकोऱ्या पाकिटांवर लिहिलेल्या चिठ्ठ्या. शिवाय डॉक्टरांवर आणि इस्पितळांवर ‘हिंद स्वराज्य’मध्ये कडाडून टीका, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ससूनमध्ये शस्त्रक्रिया. पत्नीला पेनिसिलिन देऊ दिले नाही, स्वतः मात्र क्विनाईन घेतले. हे सगळे घडलेले आहे. त्यावरून गांधी लहरी होते आणि त्यांनी हे दडवले, असे जे दोन निष्कर्ष काढले जातात, ते मला मान्य नाहीत.

आधी शस्त्रक्रिया पाहू. सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेले गांधी येरवड्यात आजारी पडले आणि १२ जानेवारी १९२४ रोजी त्यांना ससूनमध्ये आणले. ॲपेंडिक्स तातडीने काढणे भाग होते. मुंबईहून त्यांच्या विश्वासाचे डॉक्टर येईपर्यंत थांबायला सवड नव्हती. सर्जन होते कर्नल मॅडॉक, म्हणजे ज्या सरकारने तुरुंगात टाकले त्याचेच नोकर. कैदी दगावला असता तर देशभर आग लागली असती, हे दोन्ही बाजूंना कळत होते. मवाळ नेते श्रीनिवास शास्त्रींना साक्षीदार म्हणून बोलावून घेतले गेले, आणि आपला या डॉक्टरांवर पूर्ण विश्वास आहे, अशा निवेदनावर गांधींनी पेन्सिलीने सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वादळाने वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. ती खोली ससूनने स्मारक म्हणून जपली आहे. वैद्यकाविषयीचे आपले मत शत्रूच्या दवाखान्यात, साक्षीदारासमोर, सहीनिशी बाजूला ठेवणाऱ्या माणसाला दुटप्पी म्हणणे मला पटत नाही. दुटप्पी माणूस साक्षीदार बोलावत नाही.

कस्तुरबांच्या मृत्यूचा आक्षेप याहून जड आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसच्या नजरकैदेत त्या हृदयविकाराने आणि फुफ्फुसांच्या आजाराने खंगल्या होत्या. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नायर त्यांच्यावर आधुनिक वैद्यकानुसारच उपचार करत होते. पुढे निसर्गोपचारवाले दिनशा मेहता आले, बांच्या इच्छेवरून वैद्य शिव शर्माही आले. म्हणजे गांधींनी औषध बंद केले होते, हे खरे नाही. अगदी शेवटी मुलगा देवदास यांनी दुर्मिळ पेनिसिलिन विमानाने मागवले. ते दर काही तासांनी टोचावे लागेल हे कळल्यावर गांधींनी मुलाला आवरले, आता तिला शांतपणे जाऊ दे असे सांगितले. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. हा निर्णय चुकला असे कोणाला वाटले तर मी भांडणार नाही. पण जाणाऱ्या माणसाला सुया टोचायच्या की नाहीत हा प्रश्न आजही अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक कुटुंबाला पडतो. काही आठवड्यांनी मलेरियावर घेतलेल्या क्विनाईनच्या शेजारी हा निर्णय ठेवून हिशेब मांडणे म्हणजे दोन वेगळ्या आजारांची बेरीज करणे आहे.

आता लपवण्याविषयी. दूध सोडण्याचा निश्चय त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केला. १९१८ च्या आजारपणानंतर डॉक्टर दुधाचा आग्रह धरू लागले, तेव्हा शेळीच्या दुधाची पळवाट बांनी सुचवली आणि त्यांनी ती घेतली. हे आपल्याला कळले कुठून? त्यांच्या ‘आत्मकथे’तून, जी ते १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये आठवड्याआठवड्याला छापत होते. व्रताचे अक्षर पाळले, आत्मा मोडला, ही बोच त्यांनी स्वतःच वाचकांपुढे ठेवली. सोमवारच्या मौनाचेही तेच. २ जून १९४७ ला फाळणीची योजना सांगायला माउंटबॅटननी बोलावले, तो सोमवार होता. गांधींनी वापरलेल्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर उत्तरे लिहिली. देशाच्या सर्वांत मोठ्या प्रसंगीही नियम मोडला नाही, हा हट्ट म्हणा, पण ते गुपित नव्हे.

नौखालीतले ब्रह्मचर्याचे प्रयोग मात्र माझ्या मते चूकच होते. त्यांत सामील केलेली नात्यातली मनू कोवळ्या वयाची होती, तिच्या आणि गांधींच्या अधिकारात जमीन-अस्मानाचे अंतर होते, आणि गांधींनी ते उघड केल्याने चूक क्षम्य ठरत नाही. परंतु उघड त्यांनीच केले: सहकाऱ्यांना पत्रांतून आणि प्रार्थनासभेत बोलूनही. अस्वस्थ झाले ते अनुयायी. किशोरलाल मश्रूवाला आणि नरहरी पारीख यांनी ‘हरिजन’ साप्ताहिकाच्या कामातून अंग काढून घेतले. संकोच भक्तांचा होता, आणि तो आपण आजवर गांधींच्या नावावर मांडत आलो.

आणि लहर? लहरी माणूस आपली लहर जाहीरपणे तपासून मागे घेत नाही. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी गांधींनी पुण्यात दिनशा मेहतांच्या संस्थेत निसर्गोपचाराच्या ट्रस्टच्या कागदांवर सही केली. काही महिन्यांतच त्यांच्या ध्यानात आले की खेड्यातला गरीब उपचाराला शहरात येणार नाही. हा आपला मूर्खपणा होता, हे त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहून टाकले. मग मार्च १९४६ मध्ये ते पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या उरुळी कांचनला गेले, रोगी तपासले आणि काम मणिभाई देसाईंवर सोपवून निघाले. मणिभाईंनी १९६७ मध्ये तिथेच ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि संकरित गाईंचे शास्त्रशुद्ध पैदास-काम हाती घेतले. १९८२ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला.

‘नोटेवरच्या माणसाची लपलेली बाजू’ सांगणाऱ्याला एवढेच विचारा, की हे कुठे वाचले? बहुतेक वेळा तो माग ‘आत्मकथा’, ‘नवजीवन’ किंवा ‘हरिजन’पर्यंत जातो. टीका जरूर करा, ती त्यांनी मागितलीच होती. पण आधी ती पाने वाचा.